पूर्ण मिनिट मोजणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टरनी कुणाचं मनगट हातात घेतलं की पूर्ण एक मिनिट सोडत नसत. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्यांचा त्यांना राग येई. "मधातच एखादा ठोका चुकला तं तो कोन पायनार?" असं विचारत.

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती. मी भंडाऱ्याहून आलो होतो आणि उंचावर लोखंड जोडण्याच्या कामाला माझी निवड झाली होती. फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती. दुर्गहून भर उन्हात सायकल हाणत पत्र्याच्या दवाखान्यात पोचलो आणि धापा टाकतच उभा राहिलो. नाडी भरली एकशे बारा. डॉक्टरांनी 'अपात्र' लिहायला पेन उघडलं. गावी आई आणि दोन बहिणी माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसल्या होत्या.

सिस्टर तेव्हा जेमतेम पंचविशीच्या, नागपूरला शिकून आलेल्या. डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. तरी त्या पुढे झाल्या. "साहेब, ही नाडी सायकलची आहे, याची नाही." मग मला म्हणाल्या, "बस त्या बाकावर. बोलू नोको."

वीस मिनिटांनी त्यांनी मोजली. अडुसष्ट. डॉक्टरांनी स्वतः मोजून पाहिली आणि कागदावर सही केली.

पुढे त्यांनी आम्हा सगळ्या कामगारांना नाडी मोजायला शिकवलं. सकाळी उठायच्या आधी, पडल्यापडल्या, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची. अंगठ्यानं मोजायचं नाही. त्याची स्वतःचीच नाडी लागते. "तुहा रोजचा आकडा तुले ठाऊक पायजे. वाढलेलाच राह्यला तं माह्याकडे ये."

माझा कामावरचा जोडीदार दौलत निवांत बसला तरी त्याची नाडी एकशे आठ. सिस्टरनी तीन दिवस सकाळी बोलावून मोजली. दौलत भडकला. "बाई, माही रोटी कावून हिसकून राहिल्या?"

"वरून पडला तं रोटी कोन खाईन?" एवढंच बोलून त्यांनी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाची झडप खराब निघाली. त्याला औषध सुरू झालं, स्टोअरमध्ये काम मिळालं. वर्षभर तो त्यांच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी बायकोला घेऊन आला आणि तिचा हात पुढे करून म्हणाला, "हिची पन पाहा."

काही वर्षांनी नव्या नर्सेसना शिकवायला त्यांना नागपूरला बोलावलं. निरोपाला डॉक्टरही दुर्ग स्टेशनवर आले. दौलतनं ट्रंक उचलली, तशी सिस्टरनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच डब्यात चढवली. गाडी हलली. शेजारच्या अनोळखी माणसाला दौलत छाती काढून सांगत होता, "आमच्या भिलाईच्या सिस्टर आहेत त्या."