माझे भरती-ओहोटीचे चाक

हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ही फजिती सांगताना माझा आवाज अजूनही चढतो. जन्मभर मी मुलींना भूगोल शिकवला, आणि त्याच भूगोलाने मला अलिबागच्या भर किनाऱ्यावर तोंडघशी पाडले!

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. आमच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती. ती मला मिळते की नाही, हे नोव्हेंबरात तपासणीला येणाऱ्या शिक्षणखात्याच्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर ठरायचे होते. मी बेत आखला: ओहोटीच्या वेळी साहेबांना आणि सातवीच्या मुलींना समुद्रातल्या किल्ल्यावर पायी न्यायचे. आणि ओहोटीची वेळ सांगायची ती मी स्वतः तयार केलेल्या साधनावरून!

साधन कसले म्हणता? पुठ्ठ्याचे चाक! फेब्रुवारीभर किनाऱ्यावर खुणांचा बांबू रोवून मी रोज वेळा टिपल्या. चाकाच्या कडेला एक ते एकतीस तारखा, आत वेळा, मध्ये काटा. फेब्रुवारीत नसलेल्या तीन तारखा मी अंदाजाने भरल्या. त्यांनी तरी का उपाशी राहावे?

शाळेची शिपाईण पार्वती कोळीवाड्यातली. चाक पाहून ती म्हणाली, "बाई, येवढा खटाटोप कशापायी? तिथीची पाऊणपट करा, भरतीची येळ मिळते. तेवढ्यावरच आमचे आजे-पणजे होड्या काढत आले."

"पार्वती, हे शास्त्र आहे. तोंडी हिशेबांवर शाळा चालत नाही."

"व्हय बाई. शाळा न्हाय चालत. होडी चालते."

मी चष्म्यावरून पाहिले. ती झाडू लागली. जरा जास्तच जोरात.

मार्चमध्ये ताळा घेतला, तेव्हा तासाभराचा फरक आला. मी तो समुद्राच्या गलथानपणावर ढकलला. पुढे परीक्षा, सुट्टी, पावसाळा. चाक कपाटात.

अखेर तो दिवस उजाडला. पावणेनऊला आम्ही किनाऱ्यावर हजर. तीस मुली, दोन रांगा. साहेबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि बूट हातात घेतले होते. आणि समोर? समोर किल्ल्याच्या तटावर लाटा धडकत होत्या!

"बाई, ओहोटी किती वाजता म्हणालात?"

"बरोबर नऊला, साहेब. आता ओसरेल."

थोड्या वेळाने साहेबांनी खिशातले घड्याळ काढले. "नऊ वाजले."

"आपले घड्याळ पुढे असावे."

होय, दिपोटीसाहेबांना मी हे ऐकवले! तेवढ्यात कचेरीतून नऊचे टोल पडले. कचेरीलाही चूक ठरवण्याची माझी तयारी होती.

"बाई, माझी चप्पल वाहून गेली!" पुढल्या रांगेतून आवाज आला.

"पाच पावले मागे! पाणी आता ओसरणारच आहे."

आम्ही पाच पावले मागे गेलो. समुद्र पाच पावले पुढे आला. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. लाटेने साहेबांच्या हातातल्या बुटातला एक मोजा उचलला, तरी मी काट्यावर बोट ठेवून उभीच!

मागून मुलींच्या डब्यांची टोपली घेऊन पार्वती आली. "सायब, आज बारस. पाढाच हाय, बारा पाऊणे, नऊ. नवाला भरती, तीनाला सुकती. दुपारी या."

साहेबांनी समुद्राकडे पाहिले. "बाई, हिचे तर जुळते आहे. तुमच्या चाकाचे काय बिघडले?"

पार्वतीने चाक हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, "बाई, ह्याच्यात चांद कुठं हाय?"

चंद्र काही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा पाळत नाही! दर महिन्याला थोडे थोडे सरकत नऊ महिन्यांत माझ्या ओहोटीची भरती झाली होती. चंद्रामुळे भरती येते, हा धडा मी दर वर्षी शिकवत असे. पाऊणकीचा पाढा छडी उगारून पाठ करून घेत असे. आणि आदल्याच दिवशी मी एकादशीचा उपास केला होता! सगळा तयार माल डोक्यात, आणि मी बाई महिनाभर पुठ्ठा कापत बसले!

दुपारी तीनला वाळू मोकळी झाली. पुढे पार्वती, मागे साहेब, त्यांच्यामागे मुली आणि सर्वांत शेवटी मी.

संध्याकाळी साहेबांनी शेरा लिहिला: "बाईंची वर्गावर हुकमत उत्तम. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी शिफारस करतो. मात्र समुद्राबाबत कोणताही हुकूम काढण्यापूर्वी त्यावर पार्वतीबाईंचा अंगठा घ्यावा."

जागा मिळाली. पुढल्या सहलीचा कागद मी ऐटीत पार्वतीपुढे धरला. तिने अंगठा पदराआड लपवला.

"आधी पाढा म्हणा, बाई."

आणि माझ्याच शाळेत, माझ्याच नव्या खुर्चीसमोर हात बांधून उभी राहून, मी पाऊणकी म्हणून दाखवली. बारा पाऊणेला अडखळले, तर तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली!