देवभाताची लोंबी

भाताची लोंबी हातात आली की मावशी ती मुठीत धरून एकदाच ओढायची, तळहातावरचे दाणे बघायची आणि म्हणायची, "बोल बाय, कुणाची तू?" नव्या सुनेला विचारावं तसं. तुम्ही म्हणाल नाटक. पण डोंगरातल्या आहुपे गावी, तिच्या पडवीत तिनं एकाही वाणाचं कूळ चुकवलेलं मी पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी जुन्नरकडच्या बोरीची, पुण्यात शिकत होते आणि बी राखणाऱ्या या मावशीकडं भाताचे वाण गोळा करायला जायचे. काम होतं वाणांची वंशावळ संगणकावर मांडायचं. कोण कुणाच्या जवळचं ते संगणक सांगतो, सगळ्यांत जुनं कोण ते सांगत नाही. त्यासाठी नात्यातलाच, पण घराबाहेरचा एक वाण घालावा लागतो. तो जिथं जोडला जातो, तिथं मूळ. मावशी हसली. "म्हंजे भावाभावांत थोरला कोण ते मामाला इचारायचं! त्याला एवढं लई शिकावं लागतं व्हय?"

तिनं आमच्या सरांना अकरा वाण दिले. सर म्हणाले, "मावशी, छापील कागदावर तुमचं नाव येईल." तिचं नाव सातबाऱ्यावरसुद्धा नव्हतं. मला तीनदा विचारलं तिनं, "छापतील ना गं?" सरांचा शोधनिबंध छापून आला. तिचं नाव नाही, माझंही नाही. वर जुन्नरच्या सभेत सर म्हणतात, "अडाणी लोकांकडं हे पडून होतं, शोधलं आम्ही." मागच्या रांगेत मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या हंगामात सर मूळ ठरवायला देवभात मागायला आले. देवभात म्हणजे तळ्याकाठचं रानटी भात, या वंशावळीतला मामा. मावशीनं गोड हसून घरच्याच भाताच्या गच्च भरलेल्या, पिकलेल्या लोंब्या पुढं केल्या. "घ्या सायेब, देवभात." अहो, पिकलं की देवभाताचा दाणा आपोआप पाण्यात गळतो! आहुप्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सरांनी फोटो काढला. मावशीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी तोंड मिटून बसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

संगणकाला जो मामा म्हणून द्याल त्यालाच तो मामा मानतो. पुण्याच्या परिषदेत सरांनी वंशावळ दाखवली. डोंगरातले वाण सगळ्यांत धाकटे, सगळं उलटं. शेजारी तो फोटो. एक म्हातारे शेतीतज्ज्ञ उठले, "हे पिकलंय ना? मग दाणे गळले कसे नाहीत?" सभागृह खदखदून हसलं. सर परत कधी घाट चढले नाहीत.

मावशीला सांगितलं. "जिरली मेल्याची," म्हणाली. मग खऱ्या देवभाताच्या लोंब्यांना पिकण्याआधी फडकं बांधून तिनं माझ्यासाठी दाणे धरले. त्या दाण्यांवरून खरं मूळ ठरलं. सगळ्यांत जुनं निघालं तिच्या माहेरचं काळं भात.

छापून यायला वर्षं गेली. पहिलं नाव तिचं. प्रत घेऊन आहुप्याला गेले, तर पडवीत सून एकटीच लोंब्या निवडत होती. "सासूबाई माघात गेल्या, ताई. नाव छापलं का, इचारीत व्हत्या."

दुसरी प्रत मी सरांना रजिस्टर पोस्टानं पाठवली. चिठ्ठी नाही. पानांत मावशीच्या तळ्याकाठची देवभाताची पिकलेली लोंबी ठेवली. तिच्यावर एकही दाणा नव्हता.