दाताळ्याचं नाणं

बहमनी काळातलं झिजलेलं तांब्याचं नाणं ओळखणं म्हणजे निम्मा अंदाजच असतो. ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे मजकुराचा एखादा तुकडाच उमटतो, आणि तोही शेकडो वर्षांच्या हाताळणीनं पुसलेला. रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या व्हरांड्यात आम्ही काही हौशी मंडळी दर रविवारी सकाळी जमायचो. अरबी अक्षरं वाचता यायची ती फक्त मास्तरांना. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, मी बँकेतून. आम्ही बाकीचे आकारांवरून ओळखायचो. हे विंचवासारखं, ते होडीसारखं. मास्तर भिंग लावून म्हणायचे, "सुलतान लिहिलं आहे", आणि आम्ही मान डोलवायचो. पडताळणार कशावर? त्या मान डोलवण्याचाच मला हळूहळू राग येऊ लागला. एखादं नाणं त्यांनी "साधं आहे भाऊ" म्हणून परत केलं, की घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत राही: साधं आहे, की मला साधं सांगितलं?

माझं एक लाडकं नाणं होतं. इतवारी बाजारात मोडीच्या तांब्यात मिळालेलं, हिरव्या किटानं भरलेलं. त्यावर शेतातल्या दाताळ्यासारखा आकार होता, दात खाली असलेला. मास्तरांनी ते स्वच्छ करून वाचतो म्हणून नेलं. काही आठवड्यांनी परत दिलं ते पुठ्ठ्याच्या चौकटीत, पिना मारून, वरच्या कडेला निळ्या शाईत वाचन लिहून. किट गेलं होतं, रंग तपकिरी निघाला होता. आणि दाताळं नव्हतं.

"हे माझंच ना?" मी विचारलं.

"मंग काय शेजारच्याचं असन?" मास्तर हसले.

दाताळं कुठे गेलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. घरी येऊन वजन केलं, तर ते कमी भरलं. किटालाही वजन असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

पुढच्या रविवारी मास्तर यायच्या आधी मी एवढंच म्हटलं, "त्यांच्याकडे नाणं देताना आधी फोटो काढून ठेवत जा."

"काहून गा?" आमच्यातल्या एका ठेकेदारानं विचारलं.

"असंच. चांगली सवय."

चोर हा शब्द मी उच्चारला नाही. गरजच पडली नाही. मास्तर मुसलमान नसते तर सगळ्यांना हे इतक्या सहज पटलं असतं का, मला स्वतःला तरी सुचलं असतं का, हे मी नंतर स्वतःलाच पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला आवडत नाही.

मग ठेकेदारानं एकदा मास्तरांच्या समोरच नाण्याचा फोटो काढला. "काढा, काढा," मास्तर म्हणाले, "फक्त माहा नका काढू, केस पांढरे झाले." सगळे हसले. हसताना मास्तर माझ्याकडे पाहत होते असं मला वाटलं, आणि तेही मी त्यांच्याविरुद्धच धरलं. त्यानंतर ते यायचे बंद झाले. मला तो पुरावाच वाटला.

त्याला बरीच वर्षं झाली. यंदा माझी नजर कमी झाली म्हणून संग्रह पुतण्याला द्यायचं ठरवलं. नाणी लावताना त्या चौकटीची गंजलेली पिन तुटली आणि नाणं टेबलावर पडलं. मास्तरांचं अक्षर सरळ दिसावं म्हणून ती चौकट मी कधी फिरवून धरलीच नव्हती. आता नाण्याची वरची कड खाली आली होती आणि दाताळं माझ्यासमोर होतं. अलिफ आणि लाम या अरबी अक्षरांच्या उभ्या रेघा, दुसरं काही नाही. नाणं माझंच होतं. चौकटीत जाण्याआधी मीच ते डोक्यावर उभं करून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांना वाटलं, काही वाचून हवं आहे. "आता मले दिसत नाही भाऊ, दुसरा कोणी पाहा." मी नाणं त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हे मले काहून सांगून राहिले?" ते म्हणाले. "म्या बदललं नाही, हे मले तवाच माहीत होतं. ज्याले सांगितलं होतं, त्याले सांगा."

चहा आला. तो पिऊन मी उठलो.

व्हरांड्यात आता डॉक्टर, ठेकेदार आणि मी एवढेच उरलो आहोत. रविवारी दोघांना सांगितलं. ठेकेदार म्हणाले, "तुमचं नसन बदललं. माहं तं बदललंच होतं."

"दाखवा."

"तवाच विकलं. संशयाचं नाणं घरात कोण ठेवते?"

"फिरवून पाहिलं होतं का?"

"जाऊ द्या ना भाऊ. इतक्या वर्षांनी काहून उकरून राहिले?"

कोणाला विकलं तेवढं मी त्यांच्याकडून काढून घेतलं: लकडगंजातला एक व्यापारी. उद्या तिकडे जाणार आहे. त्याच्याकडे ते अजून असेल, असा भरवसा नाही. निदान माझ्या नाण्यापुरतं तरी लिहून ठेवतो, मास्तरांनी नेलं तेच परत आणलं होतं. ठेकेदारांच्या नाण्याबद्दल मला काही सिद्ध करता येत नाही, पण त्यांच्या मनातला संशयही मीच घातलेला आहे.