वीस मिनिटं वजा

हे बघा, चहा आधी खाली ठेवा. ऐकताना सांडंल, अन् मंग मलाच बोलाल. आता कुठल्या तोंडानं सांगू? एवढं डोकं लावून एवढा तोंडावर पडलेला माणूस तुम्ही दुसरा पाह्यला नसंल!

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. जालन्यात कांतीलालजींच्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायचो, रोज आष्टीहून येणं-जाणं. तिथं मी एक खेळ बनवला. चित्रबित्र काही न्हाई, सगळं अक्षरांत. 'तुम्ही वेशीत उभे आहात. समोर चोर आहे.' मंग तुम्ही टाइप करायचं, 'मार!' चार कॉम्प्युटर वायरनं जोडलेले, चौघं एकाच गावात हिंडायचो. आम्ही तिघं मास्तर, अन् चौथे खुद्द कांतीलालजी, चंद्रकला नावाची राजकन्या होऊन! साठीचा माणूस, पण खेळात पैंजण वाजवत चालायचा.

लफडं होतं टाइमाचं. खेळातला दिवस अर्ध्या तासात उगवून मावळायचा. त्या नादात खऱ्या वेळेचं भान कुणाला? माझी आष्टीची गाडी दोनदा हुकली. आबा, म्हणजे माझे वडील, भडकले.

"गुरुवारी शहागडचे पाहुणे तुला पाहायला येऊन राह्यले. पाचला घरात पाहिजेस. बराबर पाचला!"

फोटो पाह्यल्ता मी. पोरगी लाखात एक! ही गाडी चुकून चालणारच न्हवतं. मंग मी खेळातला टाइम खऱ्या टाइमाशी जोडून टाकला. इथं अडीच, तर खेळातबी अडीच. गाडी पावणेतीनची, म्हणून अडीचला खेळातल्या देवळाची घंटा वाजावी असं लिहून ठेवलं.

पण लाइट गेली की त्या कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडायचं. रोज सकाळी भिंतीवरचं घड्याळ पाहून ते लावायचं. अन् भिंतीवरचं कांतीलालजींनी मुद्दाम वीस मिनिटं पुढं ठेवलेलं, पोरं वेळेवर यावीत म्हणून. हे सगळ्या क्लासाला ठाऊक. गुरुवारी मीबी वीस वजा करून टाइम लावला. हातातलं घड्याळ वीस मिनिटं पुढं दिसलं, तर त्यालाच शिव्या देऊन मागं केलं!

घंटा वाजली. केस विंचरले, पावडर लावली, आरामात स्टँडवर गेलो.

"आष्टी कुठं लागती?"

"लागल्ती. गेली," खिडकीतला कंट्रोलर म्हणला.

"गेली कशी? आत्ताशी दोन पस्तीस झाले!"

"भाऊ, तीनला पाच कमी हायेत."

"तुमचं घड्याळ पुढं हाये! माझा टाइम कॉम्प्युटरचा हाये!"

"मंग कॉम्प्युटरवर बसूनच जा की!"

अंगाचा तिळपापड झाला. तसाच क्लासात परत गेलो.

"कांतीलालजी, हे भिंतीवरचं घड्याळ किती पुढं हाये?"

"बिलकुल न्हाई! काल संध्याकाळी बराबर केलं. सगळेच वीस वजा करून येतात, मंग फायदा काय? अन् आज तुझे पाहुणे. म्हणलं, पोराची गाडी चुकायला नको!"

सांगा आता, या माणसाला काय म्हणावं? अन् न विचारता वजाबाकी करणाऱ्याला?

आधी जीप, मंग ट्रक, मंग पायी. सात वाजता घरी पोचलो. ओट्यावर पोह्यांच्या रिकाम्या बश्या, अन् पाहुणे कवाच निघून गेल्ते.

"काय म्हणले?" मी आबांना हळूच विचारलं.

"म्हणले, पोरगा पाहायला आल्तो, घर पाहून चाललो. सोयरीक जमायची न्हाई."

"आबा, त्या खेळातला टाइम…"

"खेळ?" आबा कडाडले. "अरे, त्या खेळात एखादी बाई हाये का? असंल तर तिच्याशीच लाव लगीन!"

बाई होती ना, एकच. चंद्रकला. अन् तिनंच तर ते घड्याळ बराबर केल्तं!