अंबूताईची कॉफीची युक्ती

मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्याची लेक अंबूताई लग्न होऊन जवळच्या सोसले खेड्यात आली आणि बारा वर्षांपूर्वी गावची आशा कार्यकर्ती झाली. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटायच्या, हे तिचं काम. पण नुसत्या वाटून काय होतंय? त्या पोटात जायला नकोत? बायका गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि खुशाल विसरायच्या. तेव्हा तिनं युक्ती काढली. "कॉफी कधी विसरता का गं? मग तिच्याबरोबरच घ्या की!" पाकिटं भराभर रिकामी होऊ लागली. बाई स्वतःवरच खूश!

मग त्यांच्यातल्याच सिंचना नावाच्या पोरीचं सातव्या महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ! दीड महिना रोज गोळी घेऊनही आकडा जागचा हलला नव्हता. नर्सनं स्पष्टच सांगितलं, असंच राहिलं तर बाळंतपणात पोरीच्या जिवावर बेतेल.

सिंचनाची सासू रुक्मिणीबाई मुळातच या गोळ्यांवर खार खाऊन. मैसूरकडच्या सवयीनं त्या गोळीला मात्रेच म्हणत. "बघितलंस ना? साकू, पुरे आता! उद्यापासून मात्रे बंद."

अंबूताई हट्टाला पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. सिंचनानं गोळी जिभेवर ठेवली आणि वर लोट्यातली कडक कॉफी घटाघटा प्यायली. अंबूताईला एकदम आठवलं. कॉफी लोह अंगी लागू देत नाही, हे प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. युक्तीच्या नादात नेमकं तेच ती विसरली होती.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. सगळं खापर गोळ्यांवरच फुटलं असतं. पण ती तिथल्या तिथे म्हणाली, "काकू, मात्रे चांगलीच आहे. चुकलं माझं. मीच कॉफीबरोबर घ्यायला सांगितलं."

एवढ्यावर ती थांबली नाही. बावीस घरं हिंडली आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच बोलली. "अय्यो अंबक्का, आता पाण्याबरोबर म्हणतेस, उद्या ताकाबरोबर म्हणशील!" बायकांनी यथेच्छ थट्टा केली. तिनं ती मुकाट ऐकून घेतली आणि पुन्हा सांगितलं: कॉफी सकाळी, गोळी दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर. आपली चूक अशी दारोदार सांगायला छाती लागते. गावानं अभिमान बाळगावा तो याचा.

सिंचनाकडे तर ती रोज दुपारी जातीनं हजर. रुक्मिणीबाई कपाळाला आठ्या घालून लिंबू चिरून द्यायच्या.

सहा आठवड्यांनी आरोग्य केंद्रात पुन्हा रक्त तपासलं. "दहा पूर्णांक चार," नर्स म्हणाली. सिंचनानं अंबूताईचा हात घट्ट धरला. अंबूताईच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तिनं त्या लपवल्याही नाहीत.

रुक्मिणीबाईंनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. मग सुनेला उठवून त्या स्वतः स्टुलावर बसल्या आणि बोट पुढे केलं.

"माझंही बघा गं. सहा बाळंतपणं झाली, पण माझं रक्त कधी कुणी बघितलंच नाही."