न वाचता दिलेला अंगठा

“जे वाचलं नाही, त्याखाली सही करायची नाही,” असं अफजलमियां एकदा निलोफरला म्हणाले होते. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, आणि कुरियरवाल्याच्या कागदावर तिनं उभ्या उभ्या सही ठोकली होती. सासऱ्यानं नव्या सुनेला सांगायची ही काही पहिली गोष्ट नव्हे. पण तिला तेव्हाच वाटलं, या घरात आपलं जमेल.

अफजलमियांनी शहरातल्या एका मराठी दैनिकात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. काम जोडीचं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणत. दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट फिरवत ऐकायचं. अफजलमियां ऐकायचे. वाचायचा आप्पा, खुलताबादेकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मेंढरं वळवून घडलेला आवाज. अग्रलेखसुद्धा तो असा वाचायचा की टेकडीपलीकडच्या कळपानं मान वर करावी. कागद संपला की खाली दोघांची अक्षरं पडायची. एक ‘अ’, एक ‘आ’. पाटीवर गिरवल्यासारखी.

निवृत्तीनंतर निलोफरनं त्यांना ब्लॉग काढून दिला, ‘दुसरं प्रूफ’. छावणीतल्या त्या घरात एरवी दखनी उर्दू चालायची, पण ब्लॉगचं बोलणं सासरा-सून मराठीतच करत. बेकरीची भट्टी, सायकलदुरुस्तीचं दुकान, छापून गेल्यावर सापडलेल्या चुका, असलं काहीबाही ते लिहायचे. वाचणारे तीस-पस्तीस. पहिली प्रतिक्रिया ठरलेली, आप्पाची: “तिसऱ्या ओळीत एक शब्द सुटलाय. बाकी लई ब्येस.” शब्द सुटलेला असो वा नसो.

मग इतरांचे ब्लॉग आले. त्यांनी आपलं वाचलं, तर आपण त्यांचं वाचायला हवं, हा अफजलमियांचा शिष्टाचार. दोनाचे चाळीस झाले. त्यात ई-पेपर, गटांवरचे निरोप. सकाळी चहा घेऊन बसायचे ते दुपारचं ताट येईपर्यंत फोनवर खालून वर बोट सरकत राहायचं. पूर्वी त्याच बोटाखालून एक वेलांटी निसटत नसे. एकदा निलोफरनं सहज विचारलं, “अब्बू, आज काय वाचलंत?” त्यांनी बोट थांबवलं, पडदा वर-खाली करून पाहिला. मग म्हणाले, “खूप.”

त्या सोमवारी त्यांनी तिला हाक मारली. “ब्लॉग बंद करायचाय.”

“कंटाळा आला?”

त्यांनी फोन तिच्या हातात दिला. आप्पाचा निरोप होता, तेवीस दिवसांपूर्वीचा. “अफजल, डाव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालंय. उजव्याचंबी काय खरं नाय म्हणायलेत डॉक्टर. हे फोनला सांगून लिहायलोय. तुझे दोन लेख वाचायचे राहिले. एखाद्या दिवशी येशील का? इतकी वर्षं मी वाचलं, आता तू वाच.” आणि त्याखाली अफजलमियांचा अंगठा. पिवळा, टुणटुणीत, वर केलेला.

“वाचलाच नव्हता मी,” ते म्हणाले. “लांब होता. लांब दिसला की अंगठा द्यायचा, अशी सवय लागली. काल लेख पाठवायला गेलो, तेव्हा दिसला.”

“मग फोन करा ना.”

“आणि काय सांगू? डोळे गेले म्हणालास, मी शाबास म्हणालो?”

निलोफरला हसू आलं, आणि आल्याचं लगेच वाईटही वाटलं. या माणसाला आयुष्यात एकच दोस्त, हे तिला ठाऊक होतं. तो आता दार उघडेल की नाही, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या लेखाचे त्यांनी तीन कागद लिहिले होते. खोडत खोडत चार ओळी ठेवल्या. निलोफरनं त्या टाइप केल्या, छापून आणल्या आणि हस्तलिखित हातात घेऊन वाचू लागली. ते छापलेल्या कागदावर बोट फिरवू लागले.

“विरामचिन्हं कोण म्हणणार?”

“अब्बू, चार तर ओळी आहेत.”

“म्हण.”

ती म्हणू लागली. “अकरा वर्षं इथं लिहिलं पूर्णविराम. हल्ली मी फार वाचत होतो स्वल्पविराम म्हणजे काहीच वाचत नव्हतो पूर्णविराम. ज्यांच्या लिहिण्याला न वाचताच छान म्हणालो स्वल्पविराम त्यांची माफी पूर्णविराम. आता एकाच माणसासमोर बसून वाचायचं आहे पूर्णविराम.”

बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. टाइप करताना तिच्याकडून ‘छान’ सुटला होता.

“आत्ता घालते.”

“ब्लॉगवर घाल. या कागदावर राहू दे,” ते म्हणाले. “आप्पाला ऐकताना सापडायला काहीतरी पाहिजे.”

खाली त्यांनी ‘अ’ काढला. शेजारी जागा सोडली. तिनं लेख चढवला. मग एकेक करून चाळीस ब्लॉग त्यांच्या यादीतून काढून टाकले. ते प्रत्येकाचं नाव ऐकून मान हलवत होते, पाहुण्यांना दारापर्यंत सोडावं तसे. एक पेपर ठेवला, तोही कागदाचा.

त्यांना न विचारताच निलोफरनं आप्पाच्या घरी फोन लावला. त्यांची सून शालू बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन निलोफरनं टेबलावर ठेवला.

“अब्बू यायचं म्हणतायत. आप्पा भेटतील का?”

“थांबा, मामांना इचारते.” तिकडं सून-सासऱ्यांची कुजबुज झाली. शालू चाचरत परत आली. “मामा म्हणायलेत, परत अंगठाच पाठवा म्हणावं. सोपा पडतो.”

अफजलमियांनी खाली बघितलं. टेबलावरची कागदांची चळत त्यांनी उगीच सरळ केली. निलोफर काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून तो दुसरा आवाज आला, टेकडीपलीकडून यावा तसा. “अगं, ठेवू नको. इचार त्याला, जेवून येणारय का हितं जेवणारय. भाकऱ्या दोन टाकायच्या का चार, कळाया पाहिजे.”

निलोफरनं सासऱ्याकडं पाहिलं. ते केव्हाच उठले होते. दोन लेख आणि चार ओळींचा तो कागद त्यांनी पिशवीत सरकवला, चष्मा कुर्त्याच्या टोकानं पुसला, टोपी घातली. नगरनाक्यावरून खुलताबादची बस मिळायला अजून वेळ होता. फोन टेबलावरच राहिला, शालू त्यातून “हॅलो, हॅलो” करत होती.

“चार,” निलोफरनं सांगितलं.

अफजलमियांनी चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि नाक्याकडं चालू लागले.