धुवायचा राहिलेला टेम्पो

फोटोत टेम्पो उघड उघड चुकीच्या बाजूला होता. कारचं बोनेट चेपलेलं, टेम्पोचं उजवं चाक आत घुसलेलं आणि दोन्ही गाड्या कारवाल्याच्या अर्ध्या रस्त्यात. विमा कंपनीचे मॅनेजर फोनवर म्हणाले, "फोटो क्लिअर आहेत. साईटवर जाऊन काय करणार? संध्याकाळपर्यंत रिपोर्ट टाका."

मी गेलो. अपघातातल्या गाड्या पाहून विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. आम्हाला सर्व्हेयर म्हणतात. न बघता सही करणं मला जमत नाही, आणि त्याबद्दल आजवर कुणी माझं कौतुक केलेलं नाही.

समोरासमोर धडक म्हटली की लोकांना वाटतं, एकजण प्यायलेला असणार किंवा सुसाट सुटलेला. तसेही असतात. पण माझ्या शहरातल्या फायलींत बहुतेक माणसं शुद्धीवर असतात आणि वेग बेताचा असतो. पुढे खड्डा येतो, किंवा कुणीतरी डबल पार्किंग केलेलं असतं. ते टाळायला ड्रायव्हर दोन सेकंद समोरच्याच्या बाजूला जातो आणि नेमका तेव्हाच समोरचा येतो. नंतर तो शपथेवर सांगतो की मी माझ्याच बाजूला होतो. तो खोटं बोलत नसतो, ही खरी पंचाईत.

शिवाय गाड्या जिथे थांबतात तिथेच धडकलेल्या असतात असं नाही. धडकेनंतर त्या फिरतात, ओढल्या जातात. काचा लांब उडतात. मडगार्डच्या आत साचलेली माती मात्र धक्क्याने सुटून जवळपास त्याच जागी पडते. म्हणून आम्ही आधी माती शोधतो.

जागा होती अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीसमोरची. मध्ये डिव्हायडर नाही. काचा झाडून फुटपाथला लावलेल्या. टेम्पोवाल्याच्या अर्ध्या रस्त्यात रेडिएटरच्या पाण्यात भिजलेला, परातीएवढा राणी रंगाचा डाग. विसर्जनाला तीनच दिवस झाले होते. मुंबईत गुलाल दिसला म्हणून थांबत बसलो तर घरी कधी पोचणार? मी पुढे गेलो.

पोलीस स्टेशनच्या आवारात टेम्पोपाशी त्याचा ड्रायव्हर बसला होता. संदेश कांबळे, नायगावच्या बीडीडी चाळीतला, मनगटाला प्लास्टर. रिपोर्ट विरुद्ध गेला तर कामावर येऊ नकोस, असं मालकाने त्याला बजावलं होतं. लायसन्स गेलं तर दुसरीकडेही कुणी ठेवणार नव्हतं.

"साहेब, मी लेफ्टलाच होतो," तो म्हणाला. "पण लोक फोटो बघतात, मग मला बघतात. पुढे कोण ऐकतच नाय."

मी मडगार्डखाली हात घातला. डावीकडे माती आणि गुलालाचा जाड पापुद्रा जसाच्या तसा. उजवीकडे पत्रा उघडा आणि पापुद्र्याच्या कडा ताज्या तुटलेल्या. चाळीचा गणपती याच टेम्पोतून गेला होता. आतून धुतला नाहीस का, असं विचारल्यावर त्याने मान खाली घातली. मालकाने सांगितलं होतं, याने वरून फडका मारला होता. त्याबद्दल शिव्या खाऊन झाल्या होत्या.

मघाशी ओलांडून आलेला डाग मला आठवला. स्वतःचाच राग आला. परत जाऊन फोटो काढला. पण तो गुलाल तिथल्याच मिरवणुकीचा असेल तर सगळं फुकट.

कारवाले पाटणकर त्याच कॉलनीत राहत होते. सरकारी अधिकारी, खांदा पट्ट्यात, आणि उत्सव समितीचे सेक्रेटरी. तुमच्याकडे विसर्जनाला गुलाल किती उधळतात, असं मी विचारलं.

"अजिबात नाही. पाच वर्षं झाली. ठराव मीच मांडला. फक्त फुलं."

"आणि बाहेरची मंडळं?"

"या रस्त्याने आमच्याशिवाय कुणी येत नाही."

हे लिहून त्यांची सही घेतली. मग फोनवरचा फोटो दाखवला आणि टेम्पोच्या मडगार्डचं सांगितलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"गेटपाशी पाण्याचा टँकर उभा होता," ते हळूच म्हणाले. "त्याला वळसा घातला मी. पण मला खरंच वाटत होतं, मी माझ्याच बाजूला आहे."

माझा विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन पोलिसांना जबाब देऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. माणूस मला आवडला.

रिपोर्टमध्ये 'गुलाल' शोभत नाही म्हणून मॅनेजरने 'रंगीत माती' करून घेतलं. निष्कर्ष बदलला नाही.

महिन्याभराने संदेशचा फोन आला. तो कामावर होता आणि टेम्पो रिपेअर होऊन आला होता. डावीकडची माती तशीच ठेवलीय, म्हणाला.

"धुऊन टाक," मी म्हटलं. "उद्या तू चुकीच्या बाजूला गेलास तर तीच माती तुझ्याविरुद्ध पडेल."

"म्हणून तर ठेवलीय, साहेब."

तेव्हापासून मीही माझी गाडी आतून धूत नाही. बायकोला हे कारण अजून पटलेलं नाही.